नावाचे कॉलेज आणि आठ वर्षांचा ऊस

कारखान्याचा पट्टा पडला, की आपल्या भागात दुसरा हंगाम सुरू होतो, तो प्रवेशाचा. बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे मार्क येतात, आणि गट ऑफिसच्या कट्ट्यावर ऊसबिलाऐवजी कॉलेजांची चर्चा रंगते. अनेक घरांत पेच एकच असतो. पोराला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक पुण्याकडचे नामांकित खासगी विद्यापीठ, फी भरमसाट. दुसरे एखादे सरकारी किंवा अनुदानित कॉलेज, जिथे फी शिष्यवृत्तीत भागते. आणि बाप म्हणतो, "पोरगं हुशार हाय, खर्चाकडं बघून कसं चालंल?"

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. पोरगे हुशार आहे म्हणूनच खर्चाकडे बघायला पाहिजे. त्याच्या मार्कांनी त्याला दुसरी वाट मिळवून दिली आहे. ज्याला ती मिळाली नाही, तो नाइलाजाने पैसे मोजतो. आपण मिळालेली वाट सोडून का मोजायचे?

हिशेब आपल्याच मापाने करू. खासगी विद्यापीठाची फी वर्षाला साडेतीन लाख आणि राहणे-खाणे दीड लाख धरले, तर चार वर्षांचे वीस लाख झाले. आता ऊस. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यावर टनाला ३५५० रुपये एफआरपी ठरवली. आपला उतारा चांगला आहे असे समजून, तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला ३००० पडले असे हात सैल सोडून धरू. वीस लाखांना सहाशे सदुसष्ट टन ऊस लागतो. एकरी चाळीस टनाने दोन एकरवाल्या सभासदाचा हा आठ वर्षांहून जास्त दिवसांचा सगळा ऊस झाला. यात खत, पाणी, लागण, मजुरी काही धरलेले नाही. आडसाली असेल तर बिलच दीड वर्षाने दिसते, म्हणजे हिशेब आणखी लांबला.

"कर्ज काढू की," असे यावर लगेच उत्तर येते. काढा, पण समजून काढा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो, हे खरे. व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चालू असते. दर साल पाच लाख उचलले आणि दहा टक्के सरळ व्याज धरले, तर पहिला हप्ता भरायच्या दिवशी वीस लाखांचे सत्तावीस लाख झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला पस्तीस हजारांवर हप्ता. नोकरीला लागलेल्या पोराचा पहिला पगार किती असतो, हे शेजारपाजारच्या पोरांना विचारून बघावे. शिवाय शेतजमीन २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या वसुलीत येत नाही, म्हणून मोठ्या रकमेला बँका सहसा घर, प्लॉट नाहीतर ठेव मागतात. ते नसले की आपला माणूस पतसंस्थेच्या आणि पाव्हण्यांच्या दारात उभा राहतो. तिथला दर काय असतो, हे सभासदांना आम्ही सांगायला नको.

नावाला काहीच किंमत नाही असे आम्ही म्हणत नाही. शहरात राहून पोर चार माणसांत बोलायला शिकते, इंग्रजीची भीती मोडते, ओळखी होतात. खेड्यातल्या पोराला मुलाखतीत जे नडते ते बहुतेकदा हेच, ज्ञान नव्हे. पण नाव दोन प्रकारचे असते. पुण्याचे सीओईपी १८५४ पासूनचे आहे, सांगलीचे वालचंद १९४७ चे, कऱ्हाडचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चे. यांचे नाव तिथून बाहेर पडलेल्या पोरांनी केले. तिथे नंबर लागला तर प्रसंगी थोडे कर्ज काढूनही जावे. दुसरे नाव हायवेच्या होर्डिंगवर असते. त्यावर एकाच पोराचा फोटो आणि त्याचे पॅकेज. उरलेल्या पोरांचे काय झाले ते होर्डिंगवर मावत नाही. ते बघायचे तर केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेली माहिती बघावी. त्यात किती पोरे नोकरीला लागली आणि मधला पगार किती, हे द्यावे लागते. तो आकडा विचारला की प्रवेश देणाऱ्या साहेबाचा आवाज जरा खाली येतो.

१९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याने अनेक पोरांची बेळगाव-बंगळूरची वारी वाचली, हे विसरून चालणार नाही. पण शिक्षण विकत मिळते ही सवयही आपल्याला त्याच काळात लागली. त्याआधी कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' म्हणून पोरे शिकवली, तेव्हा वसतिगृहात राबून शिकण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. आज फीमाफीचा अर्ज भरायला लाजणारे बाप आम्ही पाहतो. पाव्हण्यांत सांगायला पुणे पाहिजे! असो.

आता शिष्यवृत्तीबद्दल. तीही डोळे मिटून घेऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिची मुदत होती, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायचा करारही होता. मुदत संपल्यावर १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा ठेवून त्यांना परतावे लागले. एवढ्या मोठ्या माणसाला मुदतीने अडवले, तर आपल्या पोराचे काय? म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे किती वर्षे, एका वर्षी मार्क घसरले तर बंद होते का, वसतिगृह-मेस त्यात आहे का, हे लेखी घ्यावे. तोंडी 'होऊन जाईल' म्हणजे काही नाही. सरकारी योजनेतही दर साल नव्याने अर्ज लागतो, पैसे उशिरा येतात, आणि तोवर कॉलेज तगादा लावते.

मुलींच्या बाबतीत तर पेच बराच सुटलेला आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून शासनाने पूर्ण माफ केली. खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू योजनेत निम्मी मिळते. पण या माफीला सरकारी प्रवेश फेरीतूनच प्रवेश लागतो. व्यवस्थापन कोटा, अभिमत आणि खासगी विद्यापीठे यांना ती नाही. म्हणजे नामांकित विद्यापीठ निवडले, की ही माफी आपण आपल्या हाताने सोडली. आणि हेही बघतो, की मुलीला मोफत मिळते म्हणून ती जवळच्या कॉलेजात, आणि तिच्यापेक्षा कमी मार्क पडलेल्या भावासाठी वीस लाखांचे कर्ज. धाकटीच्या वेळी मग घरात काही उरलेले नसते, आणि तिचे बारावीनंतर लग्नाचे बघू लागतात. हा खर्च कुठल्याच कॉलेजच्या पावतीवर येत नाही.

कारखान्यानेही यात हात लावायला हवा. संचालक मंडळाने जून ते ऑगस्ट प्रत्येक गट ऑफिसात एक जाणता माणूस बसवावा, जो अर्ज भरून देईल आणि कुठल्या कॉलेजला कुठली योजना लागू आहे ते सांगेल. ऊसबिलाचा दाखला मागितला तर त्याच दिवशी मिळावा. सभासदांनी निकालाची वाट न बघता तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला आणि लागत असेल तर जातीचा व नॉन क्रिमीलेअरचा दाखला आताच काढून ठेवावा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर बंद पडतो.