मुबारकबाद दोघांना

निकाल लागले की वार्ता येऊ लागतात : कुणी डॉक्टर झाले, कुणी वकील, कुणाला पीएच.डी. मिळाली. माशाअल्लाह! आम्ही त्या आनंदाने छापतो. पण त्यांत एक नाव बहुधा नसते.

जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख आठवा. वडील रिक्षाचालक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी २०१५ची यूपीएससी परीक्षा वयाच्या २१व्या वर्षी, पहिल्याच प्रयत्नात पार केली; क्रमांक ३६१. त्यांचा धाकटा भाऊ मात्र सातवीतच शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला होता. त्याच्या कमाईचा आधार अन्सार यांनी उघडपणे सांगितला आहे.

आपल्याही घरांत अशी एखादी आपा, असा एखादा भाई असतो. त्यांचे शिक्षण संपलेच असे समजू नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला वयाची कमाल अट नाही. पदवीधराच्या पहिल्या पगारातून त्यांचा प्रवेश-अर्ज भरला जावा.

आणि यापुढे वार्ता पाठवाल, तेव्हा तेही नाव कळवा. आम्ही दोन्ही नावे शेजारी शेजारी छापू, इन्शाअल्लाह.