हिरवा म्हणजे बिनसाखरेचा नव्हे

हिरव्या स्मूदीचा ग्लास आता कॅफेतून घराघरांतल्या मिक्सरपर्यंत पोहोचला आहे. वजन उतरवणारी, रक्तातली साखर न वाढवणारी ‘लो-कार्ब’ न्याहारी म्हणून मधुमेही मंडळीही ती मोठ्या विश्वासाने पितात. ग्लासातला हिरवा रंग पालक-पुदिन्याचा असतो हे दिसतंच. पण पाल्याचा रस इतका गोड कसा लागतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

नेहमीच्या कृतीचा हिशेब मांडून पाहा. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. दोन खजुरांची दहा-बारा. मोठा चमचाभर मध घातला की आणखी १७. वर पाण्याऐवजी पेलाभर सफरचंदाचा रस ओतला तर २० ग्रॅम सहज. बेरीज सत्तरीच्या पुढे जाते, म्हणजे तीन-चार पोळ्यांइतकी. पोळ्या खायला निदान वेळ लागतो आणि पोट भरल्याची जाणीव होते. स्मूदी दोन मिनिटांत संपते. ‘पण मध नैसर्गिक आहे’ हा युक्तिवाद ठरलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रस यांना डब्यातल्या साखरेच्याच रांगेत बसवलं आहे. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याने अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत राहिली तर उत्तमच, असं ती सांगते. वरच्या एका ग्लासात मध आणि रसाचीच साखर पस्तीसच्या पुढे जाते.

गोडवा काढून टाकला तर चवीचं काय? इथे पुदिना कामाला येतो. तोंडातल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे ग्राहक असतात. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते अशाच, तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी. पुदिन्याच्या कुळातला मेंथॉल थंडीचा हा ग्राहक चेतवतो. तापमान तिळभरही उतरत नाही, तरी जिभेला गार वाटतं. (आपल्या बाजारातल्या पुदिन्यात मेंथॉल कमी आणि कार्व्होन जास्त, त्यामुळे त्याचा गारवा पेपरमिंटपेक्षा सौम्य; पण वास झकास.)

मग खरी लो-कार्ब स्मूदी कशी करायची? एक लहान काकडी, मूठभर पुदिना, थोडी कोथिंबीर, अर्धी वाटी घट्ट दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, आल्याचा तुकडा, लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ. मिक्सरमध्ये फिरवा, लागेल तसं पाणी घाला, वरून भिजवलेला सब्जा. कर्बोदके साधारण १५ ग्रॅम, प्रथिने नऊ-दहा. हे पुदिन्याच्या ताकाचंच जाडसर भावंडं झालं, असं कोणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. ॲव्होकॅडो परवडत असेल तर घाला. नसेल तर अडत काही नाही. गाळू मात्र नका, चोथाच तर हवा आहे. पावसाळ्यात पाने वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, कारण ती कच्चीच पोटात जाणार आहेत.

पालक मी मुद्दाम घातला नाही. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि रोज ओंजळभर कच्चा पालक पिण्यात काही जणांना धोका आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मूत्रपिंडविषयक नियतकालिकात ६५ वर्षांच्या महिलेची नोंद आली. हिरव्या स्मूदीचा ‘क्लीन्स’ केल्यावर तिच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली होती. तिची आधी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रतिजैविकांचा लांबलेला कोर्सही. म्हणून निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही. पण ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी पालक उकडून, पाणी काढून भाजीतच खावा, तोही डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन किंवा ॲसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचं प्रमाण अचानक वाढवू नये. पानांतलं ‘के’ जीवनसत्त्व या औषधांचा परिणाम कमी करतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गोड स्मूदी साखर वाढवते, हे ग्लुकोमीटर लगेच सांगतो. पण खरोखरच कमी कर्बोदकांची स्मूदी पोहे-उपम्याऐवजी घेतली आणि सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन मात्र जुन्याच मात्रेत चालू राहिलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. एकट्या राहणाऱ्या वयस्करांत ती कोणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यामुळे न्याहारी बदलण्याआधी औषधाच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला. तोवर हा ग्लास नेहमीच्या न्याहारीसोबत, अर्धाच घ्या.