दस्तरखान : अंड्याशिवाय मिश्र खिम्याचे कोफ्ते

एका वाचक भगिनीने विचारलं आहे : सहा वर्षांच्या नातवाला अंडं चालत नाही. खाल्लं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. ईदला घरात कोफ्त्यांचं सालन ठरलेलं, त्यात अंडं पडतं, म्हणून हा पोरगा सगळ्यांच्या पंगतीत बसून एकटा दहीभात खातो. अंडं न घालता, सालनात न फुटणारे कोफ्ते होतील का?

होतील, आणि चवीला उणे नसतील. ‘कोफ्ता’ हा शब्दच फारसीतल्या कुटणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. नीट कुटलेलं, मळलेलं गोश्त स्वतःला धरून ठेवतं. खिम्यात मीठ घालून मळत राहिलं की मांसातलं प्रथिन सुटून खिमा चिकट होतो आणि आच लागली की तेच घट्ट होऊन गोळा बांधतं. अंड्याने मळायची मेहनत थोडी वाचते, एवढंच.

अर्धा किलो बकऱ्याचा आणि पाव किलो कोंबडीचा खिमा घ्या. बकऱ्याने चव येते, कोंबडीने कोफ्ता मऊ राहतो. कोंबडी मांडीची घ्या. छातीचा खिमा कोरडा पडतो. पाऊण किलोत शंभर ग्रॅमभर चरबी हवीच, खाटकाला तसं सांगून ठेवा. बकरी ईदला हिश्श्यांत बकऱ्याचं आणि मोठ्याचं, म्हणजे म्हशीचं, दोन्ही आलेलं असतं. तेही निम्मं-निम्मं चालतं. फक्त मोठ्याचं मशिनमधून दोनदा काढा आणि शिजायला दहा-पंधरा मिनिटं जास्त द्या.

कोफ्ते फुटतात ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. आपल्याकडे खिमा धुवायची सवय आहे, आणि धुतलेल्या खिम्यातलं पाणी कितीही पिळलं तरी पुरतं जात नाही. धुवायचंच तर तुकडे असताना धुवा, चाळणीत पूर्ण निथळू द्या आणि मग खिमा करा. कच्चा कांदाही पाणी सोडतो. दोन मोठे कांदे उभे चिरून लाल तळून घ्या आणि कुस्करून घाला. कोथिंबीर-पुदिना धुऊन कपड्यावर वाळवून मगच चिरा. कच्ची पपई मात्र नको. कबाबाला ती लावतात ते गोश्त मऊ पडावं म्हणून. ती प्रथिनच तोडते, आणि इथे तर आपल्याला त्याच प्रथिनाच्या जोरावर गोळा बांधायचा आहे.

थंड खिम्यात आधी फक्त मीठ घाला, चहाचे पावणेदोन चमचे. परातीत हाताच्या तळव्याने पाच मिनिटं रगडून मळा. खिमा बोटांना चिकटायला लागला, ओढला की तंतू दिसले, म्हणजे झालं. हात दुखतो म्हणून दोन मिनिटांत थांबू नका; सगळं काम इथेच होतं. मग तीन मोठे चमचे डाळव्याचं पीठ, भाजून वाटलेली एक मोठा चमचा खसखस, घट्ट वाटलेलं आलं-लसूण दीड मोठा चमचा, तळलेला कांदा, हिरवी मिरची, गरम मसाला. डाळवं सुटणारा रस पिऊन घेतं, पण जास्त झालं तर कोफ्ता पिठूळ लागतो. लिंबाएवढे गोळे, भेग न ठेवता, तेलाच्या हाताने वळा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

सालन तुमच्या घरचं जे असेल ते. दही, खोबरं, टोमॅटो, काहीही. ते मंद उकळत असताना आधी एकच कोफ्ता सोडून पाहा. पाच मिनिटांत धरला तर बाकीचे सोडा. सुटला तर खिमा आणखी दोन मिनिटं मळा आणि चमचाभर डाळवं वाढवा. सोडल्यावर पहिली दहा मिनिटं चमचा घालायचा नाही, पातेलं कपड्याने धरून हलवायचं. झाकून पंचवीस मिनिटं. खदखदू देऊ नका. कोंबडी आहे, तेव्हा एक कोफ्ता कापून मध्ये गुलाबी नाही ना ते बघा.

आता त्या मुलासाठी महत्त्वाचं. अंड्याची ॲलर्जी लहान मुलांत बरीच आढळते आणि पुष्कळांची वाढत्या वयात जातेही. पण गेली का, हे डॉक्टरांनी तपासायचं, आपण घास देऊन नाही. ईदच्या कढईत आधी अंड्यात बुडवलेले कटलेट तळले असतील तर त्याच तेलात तळलेला कांदा या कोफ्त्यांत चालणार नाही. तेव्हा कांदा सगळ्यांत आधी, ताज्या तेलात तळा. बेकरीच्या पावावर, टोस्टच्या चुऱ्यात अंडं असू शकतं, म्हणून इथे पाव घेतलेला नाही. नर्गिसी कोफ्त्याच्या तर पोटातच अंडं. तो त्या दिवशी करूच नका, किंवा केलाच तर पातेलं आणि डाव वेगळा ठेवा. मुलाला कधी श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

आणि त्याच्यासाठी छोट्या वाटीत चार कोफ्ते वेगळे करू नका. सगळं पातेलंच बिनअंड्याचं करा. पाहुण्यांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.