डुलणाऱ्या पुलाचा धडा

पूल कोसळला म्हणजे समाज खडबडून जागा होतो. परंतु बांधकाम भक्कम उभे असूनही निरुपयोगी ठरू शकते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लंडनमध्ये थेम्स नदीवर बांधलेला मिलेनियम पूल हे याचे बोलके उदाहरण होय. १० जून २००० रोजी हा पादचारी पूल खुला झाला आणि गर्दीच्या पावलांखाली आडवा डुलू लागला. दोनच दिवसांत तो बंद करण्याची पाळी आली. पूल मोडण्याचा धोका नव्हता. पण त्यावरून सरळ चालणे कठीण झाले होते.

चालताना माणूस आपला भार आळीपाळीने डाव्या-उजव्या पायावर टाकतो. हे आवर्तन सेकंदाला साधारण एकदा पूर्ण होते. लवचिक पुलाची आडवी आंदोलनेही त्याच गतीच्या आसपास होती. पूल किंचित हलला की लोक तोल सावरण्यासाठी नकळत त्याच्याच तालावर पावले टाकीत आणि पूल अधिकच हले.

यावर जो उपाय योजला गेला, तो साधा पण मार्मिक होता. पुलाला ३७ द्रव-शोषक बसविण्यात आले. त्यांतील दट्ट्या दाट द्रवातून सरकतो आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरते. जोडीला स्प्रिंगांवर तोललेली सुमारे ५० वजने बसविली गेली. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा सुरू झाला. या दुरुस्तीला सुमारे ५० लाख पौंड लागले. अशा साधनांना ना वीज लागते, ना चालक. तैपेई १०१ या गगनचुंबी इमारतीत टांगलेला ६६० टनांचा पोलादी गोळाही याच तत्त्वावर वादळात तिचे डोलणे कमी करतो.

साधने होती, शास्त्रही होते. मग चूक कोठे झाली? जपानमधील एका पादचारी पुलाचा असाच अनुभव १९९३ सालीच शोधनिबंधातून मांडला गेला होता. पण तत्कालीन ब्रिटिश मानकाचा भर उभ्या कंपनांवर होता. गर्दीमुळे होणाऱ्या आडव्या आंदोलनांचा विचार त्यात नव्हता. ज्ञान ग्रंथालयात राहिले आणि पूल मानकाप्रमाणे उभा राहिला! पुढे अभियंत्यांनी त्या पुलावर माणसे चालवून कसून चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष दडवून न ठेवता प्रसिद्ध केले, हे त्यांना भूषणावह आहे. त्यामुळेच एका पुलाचा दोष साऱ्या व्यवसायाचा धडा ठरला.

आपल्या शहरांतही उंच मनोरे आणि पादचारी पूल झपाट्याने उभे राहत आहेत. बांधकाम किती भार पेलेल, एवढेच विचारून भागणार नाही. ते किती हलेल, हेही आराखड्याच्या वेळीच विचारले पाहिजे. उद्घाटनाची फीत कापण्यापूर्वी कंपनांची चाचणी व्हावी, तिचे निष्कर्ष लोकांसमोर यावेत आणि नव्या संशोधनानुसार मानके वेळोवेळी सुधारली जावीत. शोधनिबंध आणि नियमपुस्तिका यांच्यातील अंतराची किंमत अखेर जनतेलाच मोजावी लागते.