नाव आणि कर्तृत्व

पार्सिपनी हे आपल्या गावाचे नाव आपण रोज उच्चारतो, पत्रांवर लिहितो. परंतु ते इंग्रजीतले नव्हे, हे क्वचितच ध्यानात येते. ते लेनापे या येथील मूळ रहिवाशांच्या भाषेतले असून, नदी जेथे दरीतून वळणे घेत जाते ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. लेनापे लोकांना ही भूमी सोडावी लागली. नाव मात्र राहिले, तेही परक्यांच्या जिभेवर झिजून. ज्यांचे पूर्वज गिरमिटावर समुद्रापार गेले, त्या आपणां वाचकांना या गोष्टीचे मर्म निराळे सांगावयास नको.

बारशाच्या दिवशी घरोघरी नावाचा अर्थ पाहतात आणि मूल त्या अर्थाला जागेल अशी आशा बाळगतात. आपल्या म्हणीने या आशेची फार पूर्वीच थट्टा केली आहे: नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मला ही म्हण अर्धीच खरी वाटते. माणूस नावाहून उणा ठरतो, एवढेच ती सांगते. तो नावाहून मोठाही होतो, हे सांगत नाही.

महाराष्ट्रात मुले जगेनाशी झाली की पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू असे ठेवीत. हेतू हा, की अशा मुलास कोणाची दृष्ट लागू नये. धोंडो केशव कर्वे यांच्या नावातही तोच धोंडा आहे. त्या धोंडोपंतांनी १८९३ साली विधवेशी विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसला, १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले, आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. धोंडा पायाचा दगड झाला, तो नावाच्या पुण्याईने नव्हे.

यास्काचार्यांच्या निरुक्तात एक जुना वाद नोंदविलेला आहे. सर्व नामे क्रियेपासूनच निघाली, असे शाकटायनाचे मत. सर्वच तशी नव्हेत, असे गार्ग्याचे. तो वाद शब्दांच्या व्युत्पत्तीचा होता, माणसांचा नव्हे. तथापि माणसांपुरता मी शाकटायनाच्या बाजूचा आहे. नावाचा अर्थ कोशात आरंभ पावतो, परंतु तो पुरा होतो कृतीत.

आपल्या पूर्वजांच्या नावांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लक्ष गिरमिटिये मॉरिशसच्या किनाऱ्यास लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला, आणि कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव दप्तरात उतरले. पुढे आजोबांचे एकेरी नावच नातवंडांचे आडनाव होऊन बसले. आज काही सुशिक्षित मंडळी या आडनावांची लाज बाळगतात आणि ती 'शुद्ध' करून घ्यावी असे सुचवितात.

या सूचनेस माझा विरोध आहे. प्रत्येक बदललेले नाव हा कारकुनाचाच अपराध नव्हे. विश्वेश्वराचा बिसेसर आणि वासुदेवाचा बासदेव भोजपुरी मायबोलीने केला, जसा आपण कृष्णाचा किसन आणि ज्ञानेश्वराचा ज्ञानोबा केला. ते रूप पुसणे म्हणजे आजीची भाषा पुसणे होय. त्या 'अशुद्ध' नावांनी काही अडलेही नाही. बासदेव पांडे १९९५ साली त्रिनिदादचे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले, आणि कमला प्रसाद-बिसेसर २०१० साली तेथील पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. जेथे खरोखरच कारकुनाची चूक झाली, तेथेही त्या चुकीच्या नावाने कोणीतरी ऊस तोडला, घर बांधले, मुले शिकविली. ते नाव आता कष्टाने विकत घेतलेले आहे.

मग नाव कधीच बदलू नये काय? तसे मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यात मुलाची वाट पाहणाऱ्या घरी पुन्हा मुलगीच झाली, की तिचे नाव नकुशी ठेवण्याची चाल होती. म्हणजे नको असलेली. ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे व त्यांची प्रमाणपत्रे देण्यात आली. हे योग्यच झाले. धोंडू हे नाव मूल जगावे म्हणून ठेवलेले. नकुशी हे नाव मूल नको होते म्हणून. पहिल्यात भीती असली तरी माया आहे, दुसऱ्यात केवळ नकार. आणि हा नकार कोण्या गोऱ्या कारकुनाने नव्हे, आपल्याच माणसांनी लिहिला होता. शाळेत दररोज हजेरीला आपणच नकोशा आहोत असे ऐकणाऱ्या मुलीने त्या नावाहून मोठे होऊन दाखवावे, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. तेथे बदलावयाचे असते ते प्रथम घराचे मन, आणि त्याबरोबर नाव.

येथील शाळांत आपली मुले शिक्षकांच्या सोयीसाठी नावे तोडून घेतात. त्यांना रागावू नये. परंतु ते नाव कोणी, कोणत्या वेळी, कशासाठी ठेवले, हे त्यांना एकदा तरी सांगावे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून जुनी नावे, ती घरात जशी उच्चारली जात तशीच, लिहून घ्यावीत. तेवढे समजल्यावर नाव ठेवावे की टाकावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. अर्थ आपण देऊ. तो पुरा करणे त्यांच्या हाती आहे.