संविधान दिनाच्या आदल्या दिवसाची आठवण

२६ नोव्हेंबर ही तारीख राजधानीच्या सरकारी दिनदर्शिकेत आता पुरती स्थिरावली आहे. मंत्रालयांच्या आवारांत अधिकारी आणि कर्मचारी एकत्र येतात, उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते आणि अर्ध्या तासात सारे आपापल्या टेबलांकडे परततात. विधिज्ञांच्या वर्तुळात हा दिवस १९७९ पासून ‘विधी दिन’ म्हणून पाळला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १२५ व्या जयंती वर्षाचे औचित्य साधून २०१५ मध्ये तो ‘संविधान दिन’ म्हणून घोषित झाला. संविधान स्वीकारल्याला २०२४ मध्ये ७५ वर्षे झाली, तेव्हा जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आताच्या संविधान सदनाच्या सेंट्रल हॉलमध्ये भव्य सोहळाही पार पडला. हे सारे उचितच होते.

मात्र ही तारीख एकाच स्मृतीची नाही. २००८ मध्ये याच रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला सुरू झाला आणि १६६ जणांचे प्राण गेले. २०२० मध्ये याच दिवशी ‘दिल्ली चलो’ची हाक देत पंजाब-हरियाणाचे शेतकरी राजधानीच्या दिशेने निघाले. दिनदर्शिकेचे पान एक दिवस मागे-पुढे केले, तर दोन मराठी नावे भेटतात. २५ नोव्हेंबर ही यशवंतराव चव्हाण यांची पुण्यतिथी, १९८४ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले. २७ नोव्हेंबर ही लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांची जयंती, त्यांचा जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा. आणि २५ नोव्हेंबर १९४९ हा तो दिवस, ज्या दिवशी आंबेडकरांनी संविधान सभेत आपले समारोपाचे भाषण केले. सोहळा २६ तारखेचा होतो. त्या सोहळ्याला अर्थ देणारा इशारा मात्र २५ तारखेचा आहे, आणि नेमका तोच दरवर्षी न वाचता राहतो.

मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हा हिशेब आंबेडकरांनी त्याच भाषणात दिला. टीकाकारांना उत्तरे दिली, सहकाऱ्यांचे ऋण मानले आणि मग ते भविष्याकडे वळले. संविधान कितीही चांगले असो, ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल, असे त्यांनी बजावले. पुढे तीन सूचना केल्या. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी संविधानिक मार्गांचीच कास धरावी, कोणाही थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान मानू नये.

यातील पहिली सूचना सत्ताधाऱ्यांना फार सोयीची वाटत आली आहे. महाडचा आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह लढलेला नेताच असहकार, कायदेभंग आणि सत्याग्रह सोडून द्या असे सांगतो, हे प्रत्येक आंदोलकाला ऐकवता येते. परंतु त्या सूचनेला एक अट जोडलेली होती. संविधानिक मार्ग जोवर खुले आहेत, तोवर अन्य मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे त्यात दोन पक्षांवर बंधन आहे. नागरिकाने त्या मार्गानेच जावे, आणि राज्यकर्त्याने तो मार्ग खुला ठेवावा. गेल्या काही वर्षांचा संसदेचा ताळेबंद मांडला, तर यातील दुसऱ्या बंधनाचे काय झाले, हा प्रश्न टाळता येत नाही.

कृषी कायद्यांचे उदाहरण त्यासाठी सर्वांत बोलके आहे. हे कायदे गुणवत्तेवर चांगले की वाईट, याविषयी प्रामाणिक मतभेद होते. महाराष्ट्रातून शेतकऱ्यांचे जथे डिसेंबर २०२० मध्ये नाशिकहून निघून शाहजहांपूरच्या सीमेवर येऊन बसले. त्याच महाराष्ट्रातील शेतकरी संघटनेचे अनिल घनवट बाजारपेठ खुली करण्याच्या बाजूचे होते आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचे सदस्यही होते. अशा मतभेदांचा निवाडा करण्यासाठीच तर संसद असते. पण हे कायदे ५ जून २०२० रोजी प्रथम अध्यादेशांच्या रूपाने आले. ते स्थायी समितीकडे गेले नाहीत. २० सप्टेंबर रोजी राज्यसभेत त्यांतील दोन विधेयके गदारोळात आवाजी मतदानाने संमत झाली, मतविभाजनाची मागणी मान्य झाली नाही. पुढे सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे वर्षभर तंबू पडले. नोएडा-गाझियाबादहून दिल्लीत कामावर येणाऱ्यांनी ती कोंडी रोज अनुभवली. २६ जानेवारी २०२१ रोजी लाल किल्ल्यावर जे घडले त्याचे समर्थन कोणीही करू नये. अखेर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी काही मिनिटांत, चर्चेविना संमत केले. कायदे चर्चा पुरी न होता आले आणि चर्चेविना गेले. जी चर्चा सभागृहात व्हायची, ती महामार्गावर झाली.

येथे मावळंकरांचे स्मरण केवळ जयंतीपुरते राहत नाही. पंतप्रधानपदी पं. नेहरू, सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत आणि अध्यक्षही त्याच पक्षाचे. तरीही अध्यादेश काढण्याची पद्धत मुळात लोकशाहीविरोधी आहे, अगदी निकडीच्या प्रसंगीच तिचा आधार घ्यावा, असे मावळंकर सरकारला लेखी कळवत राहिले. १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्धही विरोधकांनी पदच्युतीचा ठराव आणला. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्धचा तो पहिला ठराव. तो चर्चेला आला, त्यावर नेहरू बोलले आणि तो फेटाळला गेला. विरोधाला वाट मिळाली आणि बहुमताला निर्णय मिळाला, संसदीय पद्धतीकडून याहून अधिक काही अपेक्षित नसते. त्या पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. उपाध्यक्षाची निवड शक्य तितक्या लवकर व्हावी असे अनुच्छेद ९३ सांगतो. सतराव्या लोकसभेने ते पद पाचही वर्षे रिक्त ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील १४६ खासदार निलंबित झाले आणि ते बाहेर असतानाच देशाच्या फौजदारी कायद्यांची नवी संहिता संमत झाली. ही विधेयके समितीपुढे गेली होती, हे खरे. परंतु समितीतील विचार ही सभागृहातील वादाची पूर्वतयारी असते, त्याची जागा ती घेऊ शकत नाही.

या घसरणीचे खापर एकाच पक्षाच्या माथी फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. २०१० चे हिवाळी अधिवेशन २-जी घोटाळ्याच्या संयुक्त संसदीय समितीच्या मागणीपायी जवळजवळ पूर्ण वाया गेले, तेव्हा विरोधी बाकांवर भारतीय जनता पक्ष होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश पुनर्रचना विधेयक लोकसभेत संमत होत असताना थेट प्रक्षेपण बंद होते, तेव्हा सत्ता काँग्रेसप्रणीत आघाडीची होती. खुद्द आंबेडकरांनाही हा अनुभव चुकला नाही. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा दिल्यानंतर १० ऑक्टोबर १९५१ रोजी ते आपले निवेदन करण्यास उभे राहिले. निवेदनाची प्रत आधी द्यावी, असा आग्रह पीठासीन उपाध्यक्षांनी धरला. आंबेडकर निषेध करून बाहेर पडले आणि त्यांचे म्हणणे वृत्तपत्रांतून देशापुढे आले. संविधानाच्या शिल्पकाराचे मनोगत सभागृहाऐवजी सभागृहाबाहेर व्यक्त व्हावे, हा संकेत तेव्हाच पुरेसा होता.

दुसरी सूचना विभूतिपूजेविषयीची. तिची कसोटी १९७५ मध्ये लागली, आणि तेथे यशवंतरावांचे नाव टाळता येत नाही. संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही खाती सांभाळलेला, लोकशाही विकेंद्रीकरणाची पायाभरणी करणारा हा नेता. २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळवण्यात आले. चव्हाण परराष्ट्रमंत्री होते आणि मंत्रिमंडळात राहिले. हाच नेता पुढे विरोधी पक्षनेता झाला, आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला. मतदानापूर्वीच देसाईंनी राजीनामा दिला. सरकार जाण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले नाही, एक ठराव पुरला. एकाच कारकिर्दीतील हे दोन प्रसंग शेजारी ठेवले, की संविधानिक मार्ग खुला असणे म्हणजे काय आणि बंद असणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय मिळाल्याखेरीज राष्ट्रपतींना अशी उद्घोषणा करता येणार नाही, अशी तरतूद केली. जुलै २०२४ मध्ये २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळण्याचे सरकारने जाहीर केले. आणीबाणीचे स्मरण आवश्यकच आहे. परंतु त्या अनुभवातून देशाने जी दुरुस्ती घडवली, तिचा आशय व्यक्तीपेक्षा प्रक्रिया मोठी, हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या अमृतमहोत्सवी चर्चेनंतर आंबेडकरांच्याच नावावरून वाद पेटला, संसदेच्या मकरद्वारापाशी धक्काबुक्की झाली आणि दोन खासदार जखमी झाले. ज्यांनी विभूतिपूजेविरुद्ध बजावले, त्यांच्या नावाचा घोष करण्यात दोन्ही बाजू चढाओढ करतात आणि त्यांचे म्हणणे तसेच बाजूला राहते.

मुंबईच्या त्या रात्रीची स्मृतीही याच प्रश्नाशी येऊन मिळते. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन अजमल कसाबला जिवंत पकडू दिले. त्यानंतर भारतीय राज्याने त्याला वकील दिला, विशेष न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्यांवर त्याचे म्हणणे ऐकले आणि मगच २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात शिक्षेची अंमलबजावणी झाली. क्षोभाच्या लाटेतही प्रक्रिया न सोडणारे राज्य जगाला दिसले. त्याच हल्ल्यानंतर महिना उलटण्यापूर्वी संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून आरोपपत्राविना कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवली, जामीनही कठीण केला. तपासाला बळ हवे होते, यात शंका नाही. पण शोकाच्या दिवसांत केलेल्या कायद्यांचा शांत दिवसांत पुनर्विचार व्हावा लागतो. तो करण्याची जागाही संसदच.

तिसरी सूचना सर्वांत अवघड. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता, अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करीत आहोत, असे आंबेडकर म्हणाले होते. राजधानी परिसरात ही विसंगती २८ मार्च २०२० रोजी आनंद विहारच्या बस स्थानकावर उभी होती. टाळेबंदीने काम आणि निवारा गमावलेले हजारो स्थलांतरित मजूर गावाकडे जाणाऱ्या गाडीच्या शोधात होते. सप्टेंबरात अधिवेशन भरले ते प्रश्नोत्तराच्या तासाविना. गावी परतताना किती मजूर मृत्युमुखी पडले, या लेखी प्रश्नाला उत्तर मिळाले की अशी आकडेवारी उपलब्ध नाही. तोंडी पुरवणी प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती, त्यामुळे मंत्र्यांना त्यावर पुढे काही सांगावे लागले नाही. विषमतेचा प्रश्न आणि सभागृहाचा प्रश्न हे दोन वेगळे नाहीत, हे या एका उत्तराने दाखवून दिले. ज्याच्यापाशी पैसा नाही आणि ओळख नाही, त्याच्यासाठी प्रश्नोत्तराचा तास हाच राज्यसंस्थेला जाब विचारण्याचा मार्ग असतो.

राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांनी आणि पोटापाण्यासाठी येथे आलेल्या मराठी कुटुंबांनी या दिवसाकडे त्यामुळे थोडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. संविधान राबवणारे कोण, या प्रश्नाच्या उत्तरात मंत्र्यांइतकाच फाइलवर टिप्पणी लिहिणारा अवर सचिवही येतो. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस जनतेपुढे ठेवून मते मागवावीत, असे पूर्वविचारविनिमयाचे धोरण सरकारनेच २०१४ मध्ये स्वीकारले आहे. ते पाळायचे की निकडीचे कारण देऊन बाजूला ठेवायचे, याची पहिली नोंद कोणत्या तरी टेबलावरच होते. संसदेच्या प्रश्नाला माहिती द्यायची की ‘माहिती संकलित केली जात आहे’ अशी ओळ लिहायची, हेही तेथेच ठरते.

म्हणून उद्देशिकेच्या वाचनाला जोडून एखाद्या कार्यालयाने २५ नोव्हेंबरचे ते भाषण वाचावे, आणि संसदेने वर्षातून किमान किती दिवस बसायचे व किती विधेयके समितीकडे पाठवायची, याचा संकल्प त्या दिवशी करावा. शेतकरी, मजूर वा विद्यार्थी यांना संविधानिक मार्गाचा उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतरच सरकारला आणि विरोधकांनाही पोहोचेल.