सांधा कुठे आहे?

परवा चकल्यांचे ताट समोर असूनही आमचा नातू मुळूमुळू रडत होता. सुट्टीनंतर स्पेलिंगची परीक्षा! बाईंनी वीस शब्द दिलेले, पहिलाच 'हेलिकॉप्टर'. चिरंजीव त्याच्याकडून एकेक अक्षर घोकून घेत होते, चुकला की डोळे वटारीत होते. ही पद्धत त्यांनी माझ्याकडूनच उचलली. माझ्या हाती पट्टीही असे, ती त्यांनी टाकली एवढीच सुधारणा.

"अरे, शब्द तोडून दे त्याला," मी म्हटले. चिरंजीवांनी तोडला : हेलि आणि कॉप्टर. सगळे जग तिथेच तोडते. 'हेलिपॅड' त्या चुकीच्या तुकड्यावरच उभे आहे! १८६१ साली फ्रान्समध्ये ज्याने हा शब्द घडवला, त्याने दोन ग्रीक शब्द जोडले होते. 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्रासारखा वेढा आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. तेव्हा खरा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्यामध्ये. मळसूत्री पंख!

जीभ मात्र अर्थाला जुमानत नाही. ती 'कॉप्' म्हणून थांबते आणि 'टर' वेगळे काढते, म्हणून पी आणि टी दोन्ही ऐकू येतात. तोच पंख 'टेरोडॅक्टिल'मध्ये शब्दाच्या आरंभी आला, की इंग्रजी जिभेला 'प्ट' पेलत नाही. पी मुका होतो, पण स्पेलिंगमधून हलत नाही.

चिरंजीवांना हे ठाऊक नव्हते. नातवाला टेरोडॅक्टिल मात्र चित्रांच्या पुस्तकातून चांगला ठाऊक होता! "त्याच्या बोटाला पंख असतो," तो डोळे पुसत म्हणाला. अगदी बरोबर, 'डॅक्टिल' म्हणजे बोटच. मग मलाही चेव आला. संस्कृतात 'पत्' म्हणजे उडणे आणि 'पत्र' म्हणजे पंखसुद्धा. ग्रीक 'प्टेरॉन' त्याच कुळातला. आपला पतंगही त्याच घरचा.

"म्हणजे हेलिकॉप्टर पतंगाचा भाऊ?"

"चुलत," मी म्हटले.

हेलिकॉप्टर त्याने न चुकता लिहिले. वर न विचारता टेरोडॅक्टिलही लिहिला, पी सकट. चिरंजीवांनी मुकाट्याने चकली उचलली.

पुढचा शब्द होता 'नेसेसरी'. त्याची फोड करून पाहिली, पण पोराच्या उपयोगी पडेल असे काही हाती लागेना. शेवटी मीही म्हटले, "एक सी, दोन एस. घोक!"